हातावरचं नाव

दगूबाईने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात पुढे केला. "काढ फोटो. पंचावन्न वरीस व्हयनात, तरी कसं हिरवंगार शे!"

प्रतिभाताईंनी मोबाइल उचलला खरा, पण बटण दाबलं नाही. गोंदलेली अक्षरं दोनच होती. दगू. उकाराची शेपटी वाकडी, पार मनगटापर्यंत ओढलेली.

ताईंनी लिहिलेल्या कादंबरीचं सगळं काम झालं होतं. जुन्या काळातल्या चीनमधल्या दोन मैत्रिणींची गोष्ट. तिथल्या एका भागात बायकांची स्वतःची लिपी होती. पंख्यांच्या घड्यांवर त्या एकमेकींना सुखदुःख कळवायच्या आणि पुरुषांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. शहाद्यात बसून तुम्हाला हे सुचलं कसं, असं प्रकाशकाने विचारलं तेव्हा ताई फुशारून गेल्या. "माझी एक मैत्रीण आहे. अक्षरशत्रू. पण माझं नाव हातावर गोंदवून फिरते." प्रकाशक हरखला. पुस्तकाच्या मागच्या पानावर त्या हाताचा फोटो हवाच, म्हणाला. आता आली का पंचाईत!

सारंगखेड्याच्या जत्रेतली गोष्ट. दोघी अकरा वर्षांच्या. एकमेकींचं नाव गोंदवून घ्यायचं ठरलेलं. दगू ही प्रतिभाच्या वडिलांच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराची पोर, शाळेचं तोंडही न पाहिलेली. गोंदणारीलाही लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रतिभाने काडी शाईत बुडवून दगूच्या हातावर लिहायला घेतलं. आणि तिला आई आठवली. सालदाराच्या पोरीच्या हातावर आपलं नाव दिसलं, तर ती चामडी लोळवेल. तिने 'दगू' लिहून टाकलं. गोंदणारीने त्याच रेघांवरून सुई चालवली. दगूने हूं की चूं केलं नाही. प्रतिभाची पाळी आली तेव्हा मात्र ती पोट दुखतं म्हणून पळाली.

पुढे दोघी भेटायच्या त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर. झोक्यावर बसलेल्या बायांना दगू हात दाखवायची. "हाई मन्ही मैतरीननं नाव शे." त्या बायाही तिच्यासारख्याच, वाचता न येणाऱ्या. ताई मान खाली घालायच्या. हळूहळू त्यांनी आखाजीला माहेरी जाणंच सोडलं. मग यजमान गेले, मुलगा सुरतेला रमला, आणि मैत्रीण म्हणावी अशी बाई त्यांना पुन्हा भेटली नाही. मैत्रीवर तीनशे पानं लिहिली, पण वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं.

आज त्या पुरुषोत्तमनगरला दगूबाईच्या घरी आल्या, त्या वीस वर्षांनी. आणि तेही फोटोसाठी. ताईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"दगू, ते मन्हं नाव नई शे. तुन्हंच शे. मी तवय तुले फसाडं."

दगूबाईने हात मागे घेतला नाही.

"माले माहीत शे. मन्ही नात काजल पहिलीमा व्हती, तवयच तिनी वाची दखाडं. दहा वरीस व्हयनात."

"मंग तरी मन्हं नाव शे म्हनीसन फोटो काबरं काढू देस?"

"नाव ऱ्हाऊ दे मन्हं. अक्षर तं तुन्हं शे ना वं!" दगूबाई हसली. "हाईच दखी दखी मी सही शिकनी. बँकमा अंगठा नई लावत मी."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. दगूबाईने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि ताईंच्या पर्समधला पेन उपसला.

"आते तुन्हा हात दे. तवय पयी गयी व्हतीस."

तिने ताईंचा हात मांडीवर घेतला. जीभ दातात धरून, आपल्या हाताकडे बघत बघत ती एकेक रेघ ओढू लागली. बराच वेळ लागला. मग ताईंनी खाली पाहिलं. सुरकुतलेल्या हातावर 'दगू' लिहिलं होतं, वाकड्या शेपटीसकट, अकरा वर्षांच्या प्रतिभाच्या अक्षरात.