आप्पांचं 'बरं'

प्रियदर्शनीनं अकरावं विमान मोजलं आणि ती कापसात आणखी खोल रुतली.

ट्रॅक्टरची ट्रॉली बांधाला लावलेली होती. वेचलेला कापूस तुडवायला म्हणून ती दुपारी वर चढली, चार पावलं तुडवून जी आडवी झाली ती झालीच. आता उन्हं कलली होती. खाली पांढरं, वर निळं, आणि त्या निळ्यात पुन्हा विमानांच्या पांढऱ्या रेघा. डोळे मिटले तरी रेघा दिसायच्या. मधूनच वाटायचं, ट्रॉलीच हळूहळू वर चालली आहे आणि तलवाडा खाली लहान लहान होत जातंय. हातातला फोन तेवढा जड होता. त्यात राजीनामा लिहून तयार होता. बटण दाबायचं राहिलं होतं, कारण आधी आप्पांच्या कानावर घालायचं होतं.

तसं आप्पांना सांगणं काही अवघड नव्हतं. आप्पांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. कुणी काहीही बोलो, त्यांचं उत्तर ठरलेलं, 'बरं.' बायकोनं, छबुबाईनं, मीठ आणायला सांगितलं की 'बरं', आणि संध्याकाळी हातात बैलाचा कासरा घेऊन स्वारी दारात हजर. लेक शिकायला बीडला जाते म्हणाली, 'बरं.' विमानांना आभाळात वाट दाखवायची नोकरी लागली म्हणाली, तरी 'बरं.' आणि एकदा 'बरं' म्हटल्यावर पुन्हा विचारायची त्या घरात रीत नव्हती. ती रीतच प्रियदर्शनीला नडली.

आप्पा चाकावर पाय देऊन वर आले आणि ट्रॉलीच्या काठावर टेकले. मग तिनंच सांगायला सुरुवात केली. गावी येऊन तीन आठवडे झाले होते, पण तोंड उघडलं ते आजच.

त्या दिवशी रडारच्या पडद्यावर विमानांची गर्दी होती. तिनं एका विमानाला खाली उतरायला सांगितलं. 'रॉजर,' असा आवाज आला. रॉजर म्हणजे आपलं 'बरं'च. खरा नियम असा, की ऐकणाऱ्यानं सांगितलेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवायचं आणि शेवटी आपल्या विमानाचं नाव घ्यायचं. त्या आवाजानं दोन्ही केलं नाही. हिनंही विचारलं नाही. आणि आवाज निघाला भलत्याच विमानाचा. ते उतरायला लागलं, आणि त्याच्या खालून तिसरं चाललं होतं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली तेव्हा तिनं ओरडून त्याला वळवलं. तलवाड्याच्या वेशीपासून या बांधापर्यंत जेवढी वाट, तेवढंच अंतर दोन्ही विमानांत उरलं होतं. आतली माणसं तेव्हा चहा पीत असतील. त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

चौकशी झाली. दोष निम्मा वैमानिकाचा, निम्मा तिचा. पुन्हा शिकवणी झाली, आणि सोमवारी सकाळी सातला माईकवर हजर व्हायचा हुकूम आला. पण तेव्हापासून माईक नुसता डोळ्यांपुढं आला तरी तिला ती लाल अक्षरं दिसत होती.

आप्पांनी एवढंच विचारलं, की त्यानं ते सगळं म्हणून दाखवलं असतं तर? तर चूक तिथल्या तिथं ऐकू आली असती, ती म्हणाली. मग तिनं अंगठा बटणावर ठेवला.

"आप्पा, मी नोकरी सोडते. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. मला आता त्या आभाळाकडं बघायचंसुदीक न्हाई."

आणि ती 'बरं'ची वाट बघत राहिली.

'बरं' आलं नाही. आप्पांचे ओठ हलले, शब्द जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. तिला वाटलं, नेहमीसारखं ऐकलंच नाही. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शाळेत कविता म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखे ते एकेक शब्द जपून बोलू लागले.

"तू म्हणलीस, नोकरी सोडते. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं. आन् त्या आभाळाकडं तुला बघायचंसुदीक न्हाई." ते थांबले. "एवढंच म्हणलीस न्हवं?"

तिचेच शब्द होते, कानामात्रेचा फरक नव्हता. पण आप्पांच्या तोंडून ते कुणा परक्या बाईचे वाटले. वर बारावं विमान आलं होतं. कधी मान वळली ते तिचं तिलाही कळलं नाही, ती त्याच्या रेघेमागं बघत होती. दुपारपासून उताणी पडून तिनं एकही विमान चुकवलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. अंगठा आपोआप बटणावरून निघाला.

"चुकलं, आप्पा," ती म्हणाली. "सोमवारी ड्युटी हाय. सकाळी सात."

"सोमवारी ड्युटी. सकाळी सात," आप्पांनी म्हणून दाखवलं, आणि नियमाप्रमाणं शेवटी आपलं नाव घेतलं. "आप्पा, तलवाडा."