लविनाचा रविवार

सकाळी चूल पेटवली की लविना मोठ्यानं वार सांगायची, आणि पश्चिमेला निघालेला बैलगाड्यांचा अख्खा तांडा तिच्या शब्दावर चालायचा. आज तिनं रविवार सांगितला. बैल सोडले, माणसं उपासनेला बसली. तेवढ्यात समोरून माघारी परतणाऱ्या गाड्या आल्या. त्यातला एक म्हातारा हसला, "अहो, सोमवारी कसली उपासना? प्रभूचा दिवस काल झाला!"

सगळ्यांच्या माना लविनाकडे वळल्या. तांड्याचा म्होरक्या डाफरला, "लविनाबाई, काल विसाव्याचा दिवस, आणि दिवसभर बैल हाकलेत आम्ही! ते पाप आता कुणाच्या माथी?"

लविना गोंधळून गेली. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... ती बोटांवर मागे मागे जात राहिली, पण चूक काही सापडेना. "रोज सांगितलाय हो मी," ती पुटपुटली. "चूल पेटवली की लगेच."

शेजारच्या गाडीतली केझाया तिच्याजवळ सरकली. "नदीकाठी तुझ्या तान्ह्या जोनासला माती दिली ना, त्या दिवशी तुझी चूल मी पेटवली होती गं."

लविनानं मोजणारी बोटं मिटली आणि तिला विचारलं,

"मग कोणता वार होता तो?"