टोकाची जागा

"ठेवा खाली, बाबा. लाथ मारते ती."

ब्रेंटनं हात पुढे केला, पण अर्व्हिडनं बंदूक सोडली नाही. वीस बोअरची, सडपातळ, हलकी सेमी-ऑटोमॅटिक. चौऱ्याहत्तरीचा म्हातारा नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा हसत होता. हार्लनच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर गाड्यांतून कुत्री भुंकत होती. उद्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता आणि अख्ख्या साउथ डकोटात आज दुसरा विषय नव्हता.

"ही घ्या." ब्रेंटनं काउंटरवरची दुसरी पुढे सरकवली. तीही सेमी-ऑटोमॅटिक, पण दणकट. काडतुसाच्या वायूवर चालणारी, निम्मा धक्का स्वतःच गिळणारी. "खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा झालं नाही तुमच्या."

"हे धूड घेऊन दिवसभर मक्यातून चालू? त्यापेक्षा नांगर दे खांद्यावर."

"चालायचं कशाला? टोकाला उभं तर राहायचंय."

बोलून गेला. बोलायचंच होतं त्याला.

शिकाऱ्यांची रांग मक्यातून पक्षी रेटत येते आणि शेताच्या टोकाला काहीजण ते अडवून उडवायला उभे असतात. टोकाला कोण? गुडघे गेलेले, दम लागणारे. ज्यांना घरी ठेवता येत नाही आणि बरोबर घेणं जिवावर येतं, असे. या टोलेफसन घराण्याच्या रांगेत मधली जागा ब्रेंटच्या जन्माआधीपासून अर्व्हिडची होती. आता ती ब्रेंटला हवी होती. काळजी होती, नाही असं नाही. पण काळजीचं कातडं पांघरून पोरं बापाच्या जागेवर कशी सरकतात, ते सगळीकडे सारखंच.

"बाबा चालणार," मार्लिस म्हणाली. ही ब्रेंटची धाकटी बहीण. कुत्री तिनं सांभाळायची, गाडी वळसा घालून टोकाला तिनं न्यायची, पक्षी तिनं सोलायचे. सरावाला हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरला तर भावापेक्षा जास्त तीच फोडायची. तरी रांगेत तिला कुणी घेतलं नाही. का? तर गाडी कोण नेणार! "हार्लनकाका, सांगा ना याला."

"मी काय सांगू? मला दोन्ही विकायच्यात." लोक हसले. "जड बंदूक खांदा वाचवते, हलकी पाय वाचवते. अर्व्हिड, तुझं आधी काय गेलंय ते तू ठरव."

"माझं काही गेलेलं नाही!"

"मेहुणा बोलतो का रे तुझ्याशी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"सणाला बोलतो. मीठ दे म्हणतो."

पुन्हा हशा. गोष्ट गावाला पाठ होती. पक्षी उठला की आधी ओरडायचं, कोंबडा की कोंबडी, आणि मग नेम. मादी मारायची नाही. मेहुण्यानं एकदा मारली, तर अर्व्हिडनं त्याची बंदूक तिथल्या तिथे रिकामी करायला लावली आणि त्याला गाडीत नेऊन बसवलं. ज्याला नर-मादी कळत नाही त्यानं बंदूक धरू नये. नियम त्याचाच.

"उचलून बघ," हार्लन म्हणाला. हलकी बंदूक रिकामी असल्याची त्यानं खात्री करून दिली.

अर्व्हिडनं डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला, डोळे उघडले. खांदा कुरकुरला नाही. वर तुळईवर भुसा भरलेला पक्षी टांगला होता. नळी त्याच्या दिशेनं अशी वळली की सगळं दुकान बघत राहिलं.

"कोंबडा!" अर्व्हिड शेतात गरजावा तसा गरजला.

कुणी हसलं नाही.

तुळईवर मादी होती. मातकट, आखूड शेपटीची; नराची असते तशी हिरवीगार मान नसलेली. नवख्यांना ओळख पटावी म्हणून हार्लननं मुद्दाम टांगलेली.

"गंमत करतायत," मार्लिस घाईघाईनं म्हणाली.

"हो, गंमतच," ब्रेंट म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

अर्व्हिड तुळईखाली जाऊन उभा राहिला. मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "मान हिरवी नाहीये का?"

"नाही, बाबा."

सगळा वाद खांद्याचा चालला होता. डोळ्यांचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अर्व्हिड वळला. "मार्ली, इकडे ये. डोळे मीट. उचल. आता उघड. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी दिसतो?"

"मधोमध!" तिचा आवाज चिरकला. बंदूक तिच्या खांद्यावर अशी बसली होती की जणू तिथंच वाढली.

"हार्लन, हीच बांध. उद्या रांगेत मधे ही चालेल. ब्रेंट, गाडी तू ने."

"मी? गाडी?"

"कुणीतरी न्यायलाच हवी ना!"

मागून कुणीतरी शीळ घातली. मार्लिसला हसावं की रडावं कळेना. बंदूक खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं. "आणि तुम्ही, बाबा?"

"टोकाला."

ब्रेंटनं ती जड बंदूक बापापुढे सरकवली.

अर्व्हिडनं ती तशीच मागे ढकलली आणि टोपी नीट केली. "राहू दे. टोकाला पक्षी माणूस बघून उठतात, बंदूक बघून नाही."