खेळणी मोडायची मोहीम

"हाण की शेवंता, त्याला काय लागतंय," म्हणत अंगणवाडीच्या कुमुदताईंनी मदतनीस शेवंताच्या हातात वरवंटा दिला.

समोर सरकारी खेळणी मांडलेली, कोरी करकरीत. तपासणीला अख्खी दाखवता यावीत म्हणून ताईंनी ती आल्यापासून प्लॅस्टिकसकट कपाटावर जपली होती. आणि आता सुपरवायझर मॅडमचा फोन आलेला, "निधीचा आढावा घ्यायला समिती निघालीय. जिथे खेळणी नवी दिसतील, तिथे पोरं खेळतच नाहीत असं धरून पुढचा निधी बंद करणार आहेत."

शेवंताचा हात काही उठेना. "मोडली तर भरून देईल कोण? तुम्हीच दटावता ना."

मग ताईंनी खेळणी पोरांपुढे टाकली. एरवी दाराची कडीसुद्धा शाबूत न ठेवणारी ती पलटण बाहुल्यांना थोपटत बसली.

"मोडा की रे, राजांनो," ताई काकुळतीला आल्या.

"नाय. नवी हाय," एक चिमुरडी म्हणाली.

बाहेर जीप थांबली. ताई पदर खोचून थेट प्लॅस्टिकच्या डुलत्या घोड्यावर बसल्या आणि जोर लावून झुलू लागल्या. घोडा मोडायचं नाव घेईना. पोरं टाळ्या पिटायला लागली.

दारात समितीचे साहेब थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. "ताई, हे काय चाललंय?"

"पोरांना शिकवतेय साहेब," ताई झुलता झुलता म्हणाल्या.

साहेबांनी कारकुनाकडे वळून सांगितलं, "लिहून घ्या. खेळण्यांचा पुरेपूर वापर होतो. निधी चालू ठेवावा, आणि पुढचा घोडा मोठ्या मापाचा द्यावा."