बुरशीचं बारसं

टाळ्या थांबेचनात. मालिम शामेंनी माईक पुन्हा तोंडापाशी धरला. "लवंगेची झाडं मारणारी ही बुरशी जगाला नवी आहे. आजपासून तिचं नाव आमच्या झुवेनाच्या नावावरून!"

पहिल्या रांगेत झुवेनाची आई कांग्याच्या पदराने डोळे पुसत होती. पेंबा बेटावर आजवर कुणाच्या लेकीला असा मान मिळाला नव्हता.

रोग आधी शिरला तो आईच्याच बागेत. झाडं शेंड्याकडून वाळत खाली यायची. झुवेनाने तिथलीच साल तासून प्रयोगशाळेत नेली, बुरशी वाढवली, सूक्ष्मदर्शकावर मान मोडेपर्यंत वाकून पाहिली. असे बीजाणू कुठल्याच ग्रंथात नव्हते. हे तिने सगळ्यांत आधी मालिमना सांगितलं. शाळेपासून त्यांनीच तिला शिकवलं होतं, म्हणून ते तिचे मालिम, गुरुजी. बाप गेल्यावर बापाच्या जागी तेच होते.

समारंभानंतर छापील शोधनिबंध तिच्या हातात आला. लेखकांत शामे होते, परदेशातले दोघे होते. ती नव्हती.

"मालिम, माझं नाव राहिलं का?"

"राहिलं नाही, काढलं. वेडे, आपलं नाव आपणच द्यायची रीत नाही. बाळ कधी स्वतःचं बारसं करतं का? लेखक ढिगाने असतात गं. तू अमर झालीस!"

तिला ते पटलं. तिने त्यांच्या हातावर ओठ टेकले.

पुढच्या हंगामात रोग बेटभर पसरला. लॅटिन नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून रेडिओवाल्यांनी त्याचं नुसतं 'झुवेना' केलं. मग तेच सगळ्यांच्या तोंडी. "झुवेनाने हमादची बाग खाल्ली." "वेते गावाकडेही झुवेना लागली म्हणे." हमादच्या म्हातारीने आईच्या सलामाला उत्तर दिलं नाही. ठरत आलेली सोयरीक मुलाकडच्यांनी मोडली; असल्या नावाची सून घरात नको म्हणाले. आणि एका सकाळी आईच चुलीपाशी बसून म्हणाली, "पोरी, तुला मोठ्याने हाक मारायची भीती वाटते गं मला."

त्याच दिवशी झुवेना मालिमच्या घरी गेली.

"हे नाव बदलता येईल?"

"एकदा छापलं की बदलत नाही." मालिमनी तिच्यापुढे मसाल्याचा चहा सरकवला. "लोकांचं काय मनावर घेतेस? विसरतील."

चहा तसाच ठेवून ती उठली. दाराशी जाऊन वळली.

"एवढा मोठा मान होता, तर तुम्हीच का नाही घेतलात, मालिम?"

"अगं, त्या परदेशातल्या दोघांनी आधी माझंच नाव सुचवलं होतं की," मालिम साखर ढवळत सहज म्हणाले, "पण मला याच बेटावर राहायचंय. पोरी उजवायच्यात."