पत्र्यावरची थाप

गाडीमागे ट्रॉली जोडणं लग्नाइतकंच जबाबदारीचं काम, असं मारुती गंभीरपणे सांगे. आणि जोडणीची पिन हमखास विसरे. "संसार रस्त्यात सोडता का काय!" म्हणत त्याची बायको अनुसया ती लावायची. मग ट्रॉलीत बसून पत्र्यावर थाप मारायची. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

अनुसया वारली, त्याला महिना झाला. कतारगामची खोली सोडून मारुती एकटाच कोसाडच्या नव्या घरी निघाला. जीपला भाड्याची ट्रॉली जोडून तो सवयीनं ओरडला, "बसली का गं?"

एक थाप.

तो उतरला. पिन राहिली होती. त्यानं ती लावली.

"आता?"

दोन थापा.

कोसाडला सगळं सामान उतरवून तो रिकाम्या ट्रॉलीपाशी आला. "अगं, उतर की आता. आपलं घर आलं."

एक थाप.

ट्रॉली सहा वाजता परत द्यायची होती.