होप की एक्स्पेक्ट?

कुमुदबाईंच्या दिवाळीतल्या पत्राला बर्वे सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. जुन्या सहशिक्षिकेने चिपळूणहून विचारलं होतं, "सर, 'होप' आणि 'एक्स्पेक्ट' यांत फरक काय हो? तुम्ही एकदा याल, म्हणून मी यांतलं काय करत बसू?"

इंग्रजीचे निवृत्त सर उत्तर लिहीत, सवयीने लाल पेनाने तपासत आणि नापास करून फाडत.

"दादा, बाईंनी बोलावलंय, पेपर नाही काढला!" बहीण हसली. "बस तपासत. त्या विचारायच्या थांबतील."

सर चपापले. त्यांनी लिहिलं, "नुसती आशा म्हणजे होप. येणाऱ्याने दिवस कळवला, की एक्स्पेक्ट. शनिवारी दुपारच्या एसटीने येतो."

न तपासताच पाकीट टपालपेटीत टाकलं. मग आत हात पोचतो का, तेही हळूच पाहिलं. सुदैवाने पोचला नाही.